जुनी ऑटोमॅटिक गाडी: आयडलला थरथर आणि 'डी'मध्ये बंद पडणे (प्रकल्प नोंदी)

गाडी: १.८ लिटर पेट्रोल, चार सिलिंडर, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा) चार गिअरचा ऑटोमॅटिक, केबलने उघडणारा थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप), मास एअर फ्लो सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा), स्कॅनर जोडायचं ओबीडी-२ सॉकेट. चाल २,१०,००० किमी. थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक असेल तर १८ जानेवारीची नोंद जशीच्या तशी लागू होणार नाही. बाकीचं बहुतेक चालेल.

५ जानेवारी (१ तास)

आज एकही पाना लावला नाही, फक्त आकडे घेतले. बॉनेटखालच्या स्टिकरवर आयडल (पॅडल न दाबता इंजिन फिरतं तो वेग) 'एन'मध्ये (न्यूट्रल) ७०० आरपीएम, अधिक-उणे ५०.

थंड इंजिन: १३५० ला चालू होतं, सुरळीत. गरम इंजिन, 'एन': ६८० ते ७४० मध्ये हेलकावे, मध्येच मिसिंग (एखाद्या सिलिंडरमधलं इंधन न पेटणं). गरम, 'डी', पाय ब्रेकवर: ५४०, डॅशबोर्ड थरथरतो. त्यात एसी लावला की ४६०, आणि चार-पाच वेळांतून एकदा बंद. शिवाय लांब फेरीनंतर हळू चालवताना कधीतरी बंद पडते ती वेगळीच.

डायरीत बंद पडण्याचा रकाना आखला, पण त्यात फक्त 'किती वेळा' लिहायला सुरुवात केली. 'कशी बंद पडली' हा रकाना नव्हता. ही चूक तीन आठवड्यांनी महागात पडली, ते पुढे येईलच.

६ जानेवारी (अडीच तास, त्यातले दोन वाया)

स्कॅनर लावला. दोन कोड: पी०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी; बँक १) आणि पी०३०० (कुठल्याही सिलिंडरला मिसफायर). मिसफायर दिसला की हात आपोआप प्लगकडे जातो. गेलाच.

प्लग काढले. गॅप १.४ मिमी झाला होता, हवा १.१. बदलायलाच आले होते, त्यामुळे तो खर्च अंगावर आला असं म्हणता येणार नाही. पण तिसऱ्या सिलिंडरचा कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा) बाहेरून तडकल्यासारखा दिसला म्हणून नवा घेऊन टाकला, तो मात्र शुद्ध वाया. आधी तिसऱ्याचा कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याचा तिसऱ्यावर लावून बघायचं होतं. पी०३०१ (पहिल्या सिलिंडरला मिसफायर) आला असता तर कॉइल दोषी. इथे तर कोड पी०३०० होता, म्हणजे मिसफायर एका सिलिंडरला चिकटलेलाच नव्हता. तेवढ्यावरूनच कॉइल बाजूला ठेवायला हवा होता.

प्लग बाहेर होतेच म्हणून कॉम्प्रेशन घेतलं: १२.४, १२.२, १२.३, १२.० बार. इंजिन गरम, फ्युएल पंपाचा फ्यूज काढलेला, कॉइलचे कनेक्टर सुटे, थ्रॉटल पूर्ण उघडा. थ्रॉटल उघडायला विसरलात तर चारही आकडे कमी येतात आणि उगाच हेड उघडायची भीती वाटते.

नवे प्लग, नवा कॉइल लावले. थरथर तीच.

११ जानेवारी (पाऊण तास)

पहिल्याच दिवशी बघायला हवे होते ते आकडे आज बघितले: फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते.

आयडलला: शॉर्ट टर्म +९, लाँग टर्म +१७, मिळून +२६ टक्के. २५०० आरपीएमला धरून ठेवल्यावर: मिळून +५.

या दोन ओळींनी निम्मी गाडी तपासातून बाद होते. हवा गळण्याचं भोक तेवढंच राहतं, पण आयडलला इंजिन एकूण हवाच इतकी थोडी ओढतं की त्यात चोरून आलेल्या हवेचा वाटा मोठा होतो. रेस दिली की तोच वाटा नगण्य. पंप कमजोर असता किंवा फिल्टर तुंबला असता तर २५०० लाही ट्रिम वरच राहिला असता, उलट वाढला असता.

हे मास एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाडीचं झालं. ज्या गाडीत फक्त मॅनिफोल्डचा (सिलिंडरना हवा पोचवणाऱ्या नळ्यांचा) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिथे चोरून आलेली हवाही दाबात मोजली जाते. तिथे मिश्रण फारसं पातळ होत नाही, आयडल मात्र वर चढतं.

व्हॅक्यूम गेज जोडला: पाऱ्याचे १४ इंच, काटा स्थिर. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन १७ ते २१ दाखवतं. उंचावर दर ३०० मीटरला साधारण एक इंच वजा धरायचा. काटा ठरावीक तालात झटके मारत असता तर व्हॉल्व्हवर संशय गेला असता. स्थिर पण खाली म्हणजे गळती किंवा मागे पडलेलं टायमिंग. टायमिंगचं चिन्ह पाहिलं, जागेवर आहे.

१२ जानेवारी (४ तास)

पहिला तास स्प्रेवर घालवला. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर कार्ब क्लीनरचे छोटे फवारे मारायचे आणि आरपीएम बदलतो का बघायचं. एकदा बदलला! गॅस्केट सापडलं असं वाटलं. नंतर लक्षात आलं की फवारा पंख्याच्या वाऱ्यावर एअर फिल्टरच्या तोंडाशी जात होता. वर हे पेट घेणारं रसायन गरम सायलेन्सरशेजारी उडवायचं. ही पद्धत पुन्हा वापरणार नाही.

मग धूर. इंजिन बंद आणि थंड, एअर फिल्टरकडचं तोंड रबरी हातमोजा ताणून बंद, ब्रेक बूस्टरच्या नळीच्या तोंडातून धूर आत. दाब एक पीएसआयच्या आत ठेवायचा, जास्त दिला तर चांगली सीलही फुटतात. बूस्टरची नळी या कामासाठी काढलेली असते, म्हणून ती आणि बूस्टर वेगळे तपासायचे. इथे ते ठीक निघाले.

दोन मिनिटं काहीच नाही. मग मॅनिफोल्डच्या खालून, अल्टरनेटरच्या मागून, उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली. आरसा आणि टॉर्च घालून पाहिलं: पीसीव्ही व्हॉल्व्हपासून (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इंजिनात सोडणारा) मॅनिफोल्डला जाणारा कोपऱ्याचा होज. वरून धडधाकट. खालच्या बाजूला, बाकाच्या आतल्या अंगाला, दोन सेंटिमीटर लांबीची भेग. होज काढून सरळ केला की भेग मिटते, बोट फिरवूनही कळत नाही. बसवतो तसा वाकवला की ओठांसारखी उघडते. रबर तेलाने फुगून मऊ पडलं होतं, चिमटीत धरलं तर काळा डाग बोटाला लागत होता.

या जागी कूलंटचा होज कापून लावायचा मोह होतो. लावू नका. त्याचं रबर तेल सोसत नाही, काही महिन्यांत पुन्हा हेच होतं. तेल सोसणारा साधा सरळ होजही चालत नाही, कारण एवढ्या छोट्या वळणात तो दुमडतो आणि मॅनिफोल्डच्या ओढीने चपटा होतो. साच्यातून वळवून आलेला मूळ आकाराचाच घ्यायचा. सोबत पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि त्याचं रबरी बूच बदललं. ऑइल भरायच्या झाकणाचं आणि डिपस्टिकचं रबरही पाहून घेतलं, कारण क्रँककेसमध्ये बाहेरून शिरलेली हवा याच वाटेने न मोजता इंजिनात जाते.

चालू करून बघितलं: ट्रिम +२६ वरून +४. व्हॅक्यूम १८. मिसिंग गायब, पी०३०० परत आला नाही.

आणि गाडी आधीपेक्षा जास्त बंद पडायला लागली.

'एन'मध्ये ६२०, सुरळीत. 'डी'मध्ये ४८०. एसी लावला की जवळजवळ दर वेळी बंद. दुरुस्ती चुकली असं वाटून होज दोनदा काढून बसवला. होज बरोबरच होता. चोरीची हवा इतके दिवस आयडलला टेकू देत होती, टेकू काढल्यावर खरा आकडा दिसला. आता प्रश्न एवढाच की खाली जाणारं आयडल ईसीयू वर का उचलत नाही.

१८ जानेवारी (साडेतीन तास)

स्कॅनरची लाइव्ह यादी या वेळी वरपासून खालपर्यंत वाचली. पॅडलवर पाय नाही, गाडी उभी, आणि एका ओळीत लिहिलंय: आयडल स्विच – ऑफ.

म्हणजे थ्रॉटल बंद आहे हेच ईसीयूला माहीत नाही. पाय पॅडलवर आहे असं समजून तो आयडल सांभाळायच्या भानगडीतच पडत नाही. इंजिनाच्या तापमानाप्रमाणे आयडल व्हॉल्व्ह (बंद थ्रॉटलला वळसा घालून हवा सोडणारा) जेवढा उघडायचा तेवढा उघडतो आणि गप्प बसतो. थंड असताना आयडल नीट का होतं आणि 'डी' टाकल्यावर का कोसळतं, दोन्हीचं उत्तर एकच. ही ओळ ६ तारखेलाही स्क्रीनवर होती.

एअर पाइप काढल्यावर कारण दिसलं. थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूवरचा कारखान्याचा रंग तुटलेला, स्क्रू आत फिरवलेला. कधीतरी कुणीतरी आयडल वाढवायला फिरवला असणार. प्लेट त्यामुळे कायम किंचित उघडी आणि पोझिशन सेन्सरमधला आयडलचा संपर्क कधी जुळतच नाही. हा स्क्रू आयडल वाढवायचा नाही, प्लेट भिंतीत रुतू नये एवढ्यासाठीच असतो.

क्रम असा ठेवला:

आधी सफाई. कापडावर थ्रॉटल क्लीनर घेऊन प्लेटची कड आणि भिंत पुसली. काजळीचा कडा जवळजवळ अर्धा मिमी जाड होता. काही थ्रॉटलच्या भिंतीवर कारखान्याचा लेप असतो, म्हणून ब्रश किंवा पॉलिश पेपर नाही. काजळी काढण्याआधी स्क्रू लावला असता तर सगळं माप चुकलं असतं.

मग स्क्रू. नट सैल केला, स्क्रू पूर्ण मागे, प्लेट पूर्ण बंद. मग लिव्हरला नुसता टेकेपर्यंत आत, वर अर्धा फेरा, नट घट्ट. थ्रॉटल सोडून दिल्यावर न अडकता 'टक' आवाज करून बसायला हवा. केबलमध्ये थोडी ढील आहे ना तेही बघायचं, नाहीतर केबलच प्लेट उघडी धरते.

मग सेन्सर. दोन्ही स्क्रू सैल, स्टॉप स्क्रू आणि लिव्हर यांच्यात फीलर गेजचं पातं. या थ्रॉटलला ०.४ मिमी पात्यावर संपर्क जुळलेला आणि ०.७ वर तुटलेला हवा. आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. सेन्सर केसभर फिरवत हे साधायला वीस मिनिटं लागली.

शेवटी आयडल व्हॉल्व्ह. हा फिरत्या पाकळीचा, थ्रॉटलखाली, कूलंटच्या दोन नळ्या जोडलेल्या. इंजिन थंड असतानाच नळ्या काढायच्या. पाकळी काजळीने जड झाली होती. तोंड खाली धरून फवारा मारला, म्हणजे रसायन कॉइलच्या बाजूला उतरत नाही. व्हॉल्व्ह बुडवून ठेवायचा नाही. पाकळी बोटाने ढकलल्यावर विनासायास फिरू लागली तेव्हा थांबलो.

गॅस्केट जुनंच परत लावलं. दिसायला चांगलं होतं.

१९ जानेवारी (दीड तास, पूर्ण वाया)

सकाळी आयडल ११००, खाली यायला तयार नाही. कालचं जुनं गॅस्केट हवा ओढतंय. पुन्हा कूलंट सांडलं, पुन्हा सगळं काढलं, नवं गॅस्केट. दीड तास गेला.

मग आयडल नव्याने शिकवलं. बॅटरीची निगेटिव्ह १० मिनिटं काढली (रेडिओला कोड असेल तर आधी शोधून ठेवा). सगळे लोड बंद ठेवून चालू केली, रेडिएटरचा पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत 'पी'मध्ये ठेवली. मग चाकांना अडसर, हँडब्रेक, पाय ब्रेकवर, 'डी'मध्ये ५ मिनिटं. मग एसी लावून आणखी ५. नेमकी पद्धत प्रत्येक कंपनीची वेगळी असते. यात घाई केली तर पहिले काही दिवस आयडल भरकटतं आणि माणूस पुन्हा स्क्रूकडे वळतो.

आता: 'एन' ७००, 'डी' ६५०, एसीसह ७००. 'डी' टाकताना आरपीएम क्षणभर ५९० ला जाऊन परत येतो. तो परत येणं महत्त्वाचं, ईसीयू जागा झाल्याची ती खूण.

२५ जानेवारी (३ तास, वाया)

काल पुन्हा बंद पडली. चाळीस मिनिटं चालवल्यावर, ताशी १० किमीला, 'डी'मध्ये.

डायरी उघडली. आजवर ११ वेळा बंद. त्यातल्या किती वेळा थरथरून मेली आणि किती वेळा चावी फिरवल्यासारखी गेली, ते कुठेच लिहिलेलं नाही. दोन वेगळे बिघाड एकाच रकान्यात मोजले गेले होते. कालची तरी आठवत होती: आधी थरथर नाही, टॅकोमीटरचा काटा गाडी चालत असतानाच एकदम शून्यावर, आणि नंतर पंधरा मिनिटं चालू होईना.

'डी'मध्ये हळू होताना बंद पडते म्हटलं की ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) संशय जातोच. तो सुटला नाही तर मॅन्युअल गाडी क्लच न दाबता थांबवल्यासारखं होतं. पण त्यात आधी धक्के बसतात, 'एन' टाकल्यावर गाडी लगेच चालू होते आणि 'डी' टाकला की परत बंद. इथे यातलं काहीच नव्हतं. तरीही गिअरबॉक्सचा कनेक्टर काढून चाचणी केलीच. त्या कनेक्टरवर लॉकअपबरोबर गिअर बदलणारे सोलेनॉइडही (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) होते. गिअरबॉक्स तिसऱ्या गिअरवर अडकून बसला, दिवा लागला, कोड पुसत बसावं लागलं. वायरिंगचा नकाशा आधी बघितला असता तर एकटी लॉकअपची वायर वेगळी करता आली असती.

गिअर ऑइल तेवढं पाहून झालं: या गाडीला इंजिन चालू, ऑइल गरम, 'पी'मध्ये मोजायचं. पातळी बरोबर, जळका वास नाही.

३१ जानेवारी (२ तास)

असा बिघाड गाडी थंड असताना सापडत नाही. म्हणून स्कॅनर, स्पार्क टेस्टर, फ्युएल गेज आणि मल्टिमीटर गाडीतच ठेवून फिरलो. पन्नासाव्या मिनिटाला बंद पडली. बाजूला घेऊन, बॉनेट उघडून:

फ्युएल गेज ३ बार, धरून आहे. स्पार्क नाही. स्टार्टर फिरवताना स्कॅनरवर आरपीएम ०.

इंजिन डोळ्यांसमोर फिरतंय आणि ईसीयू ० म्हणतोय, म्हणजे क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवणारा) सिग्नल येत नाही. गेजवरचा दाब फसवा ठरू शकतो: तो आधीचा साठलेला असतो, आरपीएम न दिसल्यावर ईसीयू पंप थोड्याच वेळात बंद करतो. पंपाला दोष द्यायचा नाही, निर्दोषही म्हणायचं नाही.

कनेक्टर काढून सेन्सरवर मीटर: 'ओएल', म्हणजे आतली तार तुटलेली. ओलं फडकं दहा मिनिटं गुंडाळलं, ८७० ओहम, गाडी पहिल्या सेल्फला चालू. गरम झाल्यावर आतली बारीक तार सुटते, थंड झाल्यावर टेकते. क्रँक सेन्सरचा कोड पी०३३५ एकदाही आला नव्हता. कोड नाही म्हणून सेन्सर ठीक, असं धरायचं नसतं.

ही ओहमची चाचणी दोन तारांच्या चुंबकीय सेन्सरची. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजू नका. त्याला पुरवठ्याचा व्होल्टेज मिळतो का आणि सिग्नल वर-खाली होतो का, ते बघायचं.

१ फेब्रुवारी (दीड तास)

सेन्सर बदलला. एकच १० मिमीचा बोल्ट, पण गंजलेला. भेदक तेल लावून अर्धा तास थांबलो, म्हणून डोकं तुटलं नाही. जुन्याच्या टोकावर लोखंडाच्या किसाची मिशी जमली होती. बसायची जागा पुसली, नव्याच्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावलं, हाताने दाबून बसवला, ठोकला नाही. तार धरणारी क्लिप तुटून तार हीट शील्डला टेकत होती, ती मूळ वाटेने नेऊन नव्या क्लिपने बांधली.

७ फेब्रुवारी (अडीच तास)

'डी'मध्ये थोडी थरथर अजून उरली होती. आरपीएम ६५० वर स्थिर, ट्रिम ठीक, मिसफायरची मोजणी ० म्हणजे इंजिनाची तक्रार नाही. एकाला ब्रेकवर बसवून, बाजूला उभं राहून 'एन'–'डी' टाकायला लावलं: इंजिन तीन-चार सेंटिमीटर उचलतंय. खालचं टॉर्क माउंटिंग (इंजिनाचा झोका धरणारा रबरी आधार) फाटलेलं.

नवं लावल्यावर थरथर वाढली! बोल्ट आवळताना इंजिन जॅकवर किंचित तिरपं राहिलं होतं, रबर पिळलेल्या अवस्थेत बसलं. सगळे बोल्ट सैल केले, जॅक काढला, 'एन'मध्ये मिनिटभर चालवून इंजिनाला आपली जागा घेऊ दिली, मग मॅन्युअलच्या टॉर्कला आवळले. आता ठीक.

१५ फेब्रुवारी

८०० किमी झाले. 'एन' ७००, 'डी' ६५०, ट्रिम +२, व्हॅक्यूम १८.५, एकदाही बंद नाही. स्टेअरिंग टोकापर्यंत वळवलं की आरपीएम ६० ने पडून सेकंदात सावरतो, त्याला हात लावलेला नाही.

वेळ: साधारण २२ तास, त्यातले साडेसात वाया. कामी आलेलं सामान: पीसीव्ही होज, व्हॉल्व्ह व बूच, आयडल व्हॉल्व्हचं गॅस्केट, क्रँक सेन्सर, क्लिप, टॉर्क माउंटिंग, प्लग. वाया: एक कॉइल. मूळ कॉइल परत तिसऱ्यावर लावून बघितला, उत्तम चालतो. नवा डिकीत ठेवलाय, अदलाबदलीच्या चाचणीला.